माझ्या नावाची रुई

आमच्या शेतात भात व्हायचं थांबलं, त्या वर्षांत आम्ही मोरस खाऊन राहिलो. आता शहरातल्या लोकांना मोरस म्हणजे काय ते सांगावं लागतं. खाऱ्या चिखलात आपोआप उगवणारी, बोटभर उंचीची, जाडसर पानांची लालट हिरवी भाजी. ती उकळायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायची, पुन्हा पाणी फेकायचं, तरी जिभेला मीठ लागायचंच. आई तिच्यात चिमूटभर सुका जवळा टाकायची आणि कण्यांच्या पेजेबरोबर वाढायची. पोट भरायचं, पण जेवून उठलं की तहान लागायची, आणि गोडं पाणी होतं गावाच्या पार वरच्या अंगाला, टेकडीखालच्या विहिरीत. म्हणून त्या दिवसांतली भूक मला फारशी आठवत नाही. तहान आठवते.

आमची जमीन खाडीच्या तोंडातून काढून घेतलेली. रेवसच्या अलीकडे खाडी रुंद होत समुद्राला मिळते, तिथे आमच्या वाडवडिलांनी चिखलमातीचा लांबलचक बांध घालून भरतीचं पाणी बाहेर अडवलं आणि आत भात पेरलं. बाबा म्हणायचे, "बांध उबा हाय तवर आपून शेतकरी. बांध गेला का आपून मासं." श्रावणातल्या एका उधाणाला तो बांध गेला. त्याला आमच्याकडे खांड पडली म्हणतात. माणूस उभा बुडेल एवढं भगदाड, आणि रोज दोन वेळा भरतीचं पाणी त्यातून आत येऊन आमच्या वाफ्यांत फिरून परत जायचं, घरच्यासारखं. पोटऱ्यांत आलेलं भात आधी पिवळं, मग लाल झालं, मग नुसत्या काड्या उरल्या. ऊन तापलं की जमिनीवर पांढरी साय धरायची. खांड बुजवायची तर वीस-पंचवीस माणसं ओहोटीच्या वेळात एकदम चिखल टाकणारी हवीत, आणि आमच्याकडे माणसं म्हणजे बाबा, आई, झोळीतला बारका आणि मी.

भगदाड रुंदावत गेलं ते एका रुईच्या झाडापाशी येऊन थांबलं. बांधावरचं बाकी सगळं, बोरी, करंज, गवत, खाऱ्या पाण्याने मेलं होतं. रुई मात्र तिथेच तरारली. माझ्याहून उंच, बुंधा बाबांच्या मनगटाएवढा, पानं जाड, राखेसारख्या पांढऱ्या लवेने भरलेली, आणि फिकट जांभळी, मेणातून कोरल्यासारखी फुलं. बाबा म्हणायचे, तिच्या मुळ्यांनीच उरलेला बांध धरून ठेवलाय.

या झाडाविषयी चार गोष्टी इथेच सांगून टाकते, कारण हल्ली माझी भाची मला विचारते की तुम्ही एवढ्या कौतुकाने रुई का लावली आहे. रुईचं पान तेल लावून तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधलं की ठणका उतरतो. शनिवारी मारुतीला पानांची माळ. पायात काटा मोडला तर चिकाचा एक थेंब सोडायचा, काटा वर येतो. सालीचा वाक काढून बाबा गळाची दोरी वळायचे. ती खाऱ्या पाण्यात कुजत नाही. चैतात बोंडं उकलली की आतला रेशमी कापूस बियांना घेऊन उडतो, त्याला आम्ही म्हातारी म्हणायचो. तो गोळा करून आईने बारक्याची उशी भरली होती. आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. लावायची म्हणाल तर फांदी कापून सावलीत टाकून ठेवावी, तिचा पांढरा चीक वाळून खपली धरू द्यावी, मग रेताड जमिनीत, भर उन्हात खोचावी आणि विसरून जावं. पाणी घालू नये. रुई माया केल्याने मरते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पण त्या काळी आमच्या गावात रुई कोणी मुद्दाम लावत नसे. ती येते, तिला येऊ द्यायचं, एवढंच. कारण रुई लग्नाची असते.

मिठागराचे मुकादम होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या दोन बायका वारल्या होत्या, दोघीही बाळंतपणात. तात्यांना पुन्हा लग्न करायचं होतं, आणि तिसरी बायको जगत नाही अशी आमच्याकडे पक्की समजूत. त्यावरचा उपाय असा, की तिसरं लग्न रुईशी लावायचं. अगदी खरं लग्न. हळद, लुगडं, मणी, बांगड्या, सगळं. लागलं की तिथल्या तिथे कोयत्याने झाड तोडायचं. तिसरी गेली. मग जी बाई घरात येते ती चौथी, तिला भय नाही. फक्त या लग्नात नवरीला बाप लागतो. झाड ज्याच्या हद्दीत, त्याने बाप होऊन कन्यादान करायचं. आणि जो रुई देतो त्याच्या घरातली लेक उणी होते, असंही लोक म्हणायचे. त्यामुळे तात्यांचं लग्नाचं मन आहे असं कळताच गावातल्या लोकांनी आपापल्या बांधावरच्या रुया गुपचूप तोडून टाकल्या. पार टेकडीपर्यंत एक शिल्लक ठेवली नाही. आमची तेवढी राहिली, कारण ती तोडली असती तर उरलासुरला बांधही गेला असता.

तात्या आमच्या ओटीवर येऊन बसले. पान जुळवत म्हणाले, "तू रुई दे. मिठागराची सगली मानसं घेऊन येतो नि तुजी खांड बुजवून देतो. बुंदा तोडीन, मुल्यांना हात लावनार नाय."

आतून आई म्हणाली, "आमच्या घरात लेक हाय, तात्यानू."

"लेकीला काय व्हतंय? मी रुई मागतंय, लेक नाय."

"तुमाला काय! नवरी मेली तरी तुमचा फायदाच."

तात्या हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पेजेचं भांडं बोटाने पुसून चाटत होते. मग ते म्हणाले, "कवा करायचं?"

लग्न शनिवारी भर दुपारी, पूर्ण ओहोटीला होतं. आमच्या आगरी लोकांत लग्न लावते ती धवलारीण, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी म्हातारी. आमच्याकडे सोनाई होती. तिचं गाणं म्हणजे गोड गळा वगैरे नव्हे. उंच, सरळ, एका सुरातली हाक, मैलभर जाणारी. धवल्यात ती नवरा-नवरीची नावं गुंफते, आणि जे नाव तिने गायलं त्याचं लग्न लागलं. बाकी कशाने लागो न लागो. सोनाई सोडून बायका-पोरींनी या लग्नाला जायचं नव्हतं. आई चुलीपाशी होती, मी ओटीवर बारक्याला झोका देत होते. वारा पडला होता. ओहोटीने उघडा पडलेला चिखल उन्हात आरशासारखा चकाकत होता, बांधावरची माणसं त्या चकाकीत मुंगीएवढी, पाय नसल्यासारखी दिसत होती. सोनाईचा सूर आला. देवाचं नाव आलं, तात्यांचं आलं. आणि मग माझं आलं.

अनसूया. मला घरात सगळे अनशी म्हणत. पुरतं नाव कोणीच घेत नसे. ते पहिल्यांदा असं लांबून, खाडीवरून, दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं ऐकलं. माझ्या हातातली झोळीची दोरी थांबली. आईच्या हातून काहीतरी पडलं आणि ती अनवाणी, डोक्यावर पदरही न घेता, शेतातून पळत सुटली.

झालं होतं ते एवढंच. बाबांना आधी सगळ्यांनी पढवलं होतं की नाव विचारलं की रुईबाई म्हणायचं. पण हातावर नारळ, नारळावर पाण्याची धार, समोर सोनाई, आणि तिने नवरीच्या बापाला विचारतात तसं विचारलं, "पोरीचं नाव काय रं?" बाबांना पोरगी एकच. त्यांनी तिचं नाव सांगितलं. सोनाईने डोळे मिटून ते गायलं. लोकांच्या ध्यानात येईतो धवला संपला होता.

"परत गा गो सोनाये," बाबा म्हणे तिच्या पाया पडले. "दुसरं नाव घाल."

"गायलेला माघारी येत नाय रं बाबा," ती म्हणाली. "पोटातलं पोर नि तोंडातला धवला, भायेर आला तो आला."

आता कोयता पुढे आला, कारण झाड तोडल्याशिवाय लग्न पुरं होत नव्हतं. तेवढ्यात आई पोचली. तिने लुगडं नेसवलेल्या रुईला मिठी मारली आणि म्हणाली, "आदी मना तोडा." तात्या बरे माणूस होते, असंच मी म्हणेन. त्यांनी कोयता खाली करवला. "ऱ्हाऊ दे. वाळंल आपसूक." आणि दिलेला शब्द पाळला. पुढच्या दोन भांगांत, जेव्हा भरती लहान आणि पाण्याला ओढ कमी असते तेव्हा, मिठागराच्या माणसांनी आमची खांड बुजवली. पाणी बाहेर राहिलं. जमिनीतलं मीठ पावसाने धुवायला एक वर्ष गेलं, आणि मग थोडं भात आलं.

पण घरात दोन अनशा झाल्या.

आई रोज टेकडीखालच्या विहिरीचं गोडं पाणी आणायची आणि घरात घागर उतरवण्याआधी एक तांब्या बांधावर नेऊन रुईच्या बुडाशी ओतायची. आम्ही तहानलेले असलो तरी. सणाला तिच्यापुढे पानावर भात वाढायची, पहिला मला, दुसरा तिला. बारक्याच्या डोक्याखालची म्हातारीची उशी आईने काढून टाकली. रुईच्या फांद्यांत हिरवा चुडा भरलेला होता. वारा आला की तो किणकिणायचा, आणि तो आवाज शेतं ओलांडून थेट आमच्या चुलीपर्यंत यायचा. कधी कधी वारा नसतानाही यायचा. आई हातातलं टाकून उठायची आणि म्हणायची, "बग गो, ती हलली." आधी ती "रुई हलली" म्हणायची. नंतर "ती" म्हणू लागली.

गावातही बदल झाला. पोरी मला खेळात घेईनात. शेजारची एक म्हातारी दुपारी दारात मला बघून दचकली. म्हणाली, "तू हितं? मंग बांदावर कोन उबी हाय?" मी वळून पाहिलं नाही. रात्रीची भीती मला कधीच वाटली नाही, अजूनही वाटत नाही. मला भीती वाटते ती दुपारची, वारा पडतो आणि सावल्या पायाखाली जातात त्या वेळेची.

आणि रुई पिवळी पडायला लागली. आता कळतं, बुडाशी रोज पाणी मुरून तिची मुळं कुजत होती. पण त्याच पावसाळ्यानंतर मला हिवताप धरला. दर एक दिवसाआड थंडी वाजून ताप चढायचा, तोंड हळदीसारखं झालं. आईने दोन्हीकडे बघितलं आणि ठरवून टाकलं. रुईचं पान गळलं की ती माझं कपाळ चाचपायची, आणि मला ताप चढला की तांब्या घेऊन बांधाकडे धावायची. जितकं मी आजारी, तितकं तिला जास्त पाणी. जितकं पाणी, तितकी ती पिवळी. बाबा हे बघत ओटीवर बसायचे. एकदाच म्हणाले, "तिला पानी नगं गो." आई म्हणाली, "नाव तुमी दिलंत. पानी तरी मना घालू द्या."

मधल्या काळात तात्यांनी लग्न केलं होतं. नवी बायको मंजुळा, काशीदकडची, सतरा-अठरा वर्षांची, मोठ्याने हसणारी, आल्याच महिन्यात सासरच्या सगळ्या म्हाताऱ्यांची नक्कल करायला शिकलेली. तिला दिवस गेले तसं तिचं हसणं ऐकू यायचं थांबलं.

एक दिवस दुपारी आईने मला रुईपाशी शिळ्या भाताचं पान ठेवायला पाठवलं होतं. ताप नसण्याचा दिवस होता. मी पान ठेवून उठते तो बांधावरून मंजुळा येताना दिसली. पोट एवढं मोठं, की पावलं फाकवून टाकत होती. हातात कोयता.

"तू अनशी ना गो?"

"व्हय."

"म्हंजे माजी सवत." तिने धापा टाकत मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "येवडीशी सवत! दुदाचे दात तरी पडले का गो सगले?"

"मी कोनाची सवत नाय."

"तू नाय तर ही." तिने कोयता रुईकडे केला. "पयली गेली. दुसरी गेली. तिसरी उबी हाय, गोडं पानी पितंय, भात खातंय. मंग आता जानार कोन? सांग ना."

याचं उत्तर मला येत होतं, पण तिच्या पोटाकडे बघून ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "ही तोडली तर मी जानार."

"कोन म्हनतं?"

"आये. सोनाई. सगलीच."

"आन तू काय म्हनतंस?"

मला तोवर हे कोणी विचारलं नव्हतं. मी रुईकडे पाहिलं. लुगड्याच्या चिंध्या झाल्या होत्या. खालची पानं पिवळी होऊन लोंबत होती, बुडाला काळपट ओल. चुड्यातल्या बांगड्या एका बारीक फांदीवर येऊन गोळा झाल्या होत्या, हडकलेल्या मनगटावर येतात तशा. मला तिची कीव आली, आणि रागही आला. मी म्हटलं, "माजं नाव तिच्याकं हाय. ते मना परत पायजे."

"नाव काय गो, हाक मारली का येतं," मंजुळा म्हणाली. तिने तोंडाभोवती हात धरले आणि मोकळ्या चिखलाकडे बघून हाक घातली, "अनसूयेऽऽ!"

मी म्हटलं, "ओ."

मंजुळाने हात खाली घेतले. अगदी हळू म्हणाली, "दोनदा कशाला दिलीस गो ओ?"

मी एकदाच दिली होती.

मग आम्ही दोघींनी मिळून रुईवर घाव घालायला घेतले. तिला वाकता येत नव्हतं, मला एकटीला कोयता उचलत नव्हता. कोयत्याच्या मुठीवर तिचे दोन हात आणि माझे दोन हात. रुईचं लाकूड कच्चं असतं, सहज तुटतं. घाव बसला की दुधासारखा चीक उसळायचा आणि बुंध्यावरून ओघळायचा. बांगड्या किणकिणत होत्या, मग एकदम फुटल्या. शेवटच्या घावाला झाड माझ्या बाजूला कललं आणि चीक उडून माझ्या दोन्ही डोळ्यांत गेला.

आधी काही वाटलं नाही. मग डोळ्यांत निखारे घातल्यासारखं झालं आणि सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यात मला एक मुलगी दिसली. बांधावरून उतरून ती खाडीकडे चालली होती, उघड्या चिखलातून, जिथे माणूस मांडीपर्यंत रुततो. ती रुतत नव्हती. तिचं परकर-पोलकं माझं होतं. मला तिची फक्त पाठ दिसली, आणि ती पाठ माझी होती. मी पुढे तर्कशास्त्र शिकले. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले, चिकाने बुबुळ सुजतं, असे भास होतात. मला ते पटतं. पण आपली पाठ आपल्याला ओळखू कशी आली, हे काही त्यांना सांगता आलं नाही. आपण आपली पाठ कधी बघितलेली नसते.

मंजुळाने मला दंडाला धरून ओढत घरी आणलं, सगळ्या वाटभर माझ्या आईला हाका मारत. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या कोयत्याकडे. आई तिला काय बोलली ते मी लिहीत नाही. मला आत घोंगडीवर निजवलं. बारका अजून अंगावर पीत होता; आईने माझ्या पापण्या उघडून दोन्ही डोळ्यांत आपलं दूध पिळलं, मग वर ओल्या फडक्याची पट्टी बांधली. एका दुधावर दुसरं. त्याने आग थोडी निवली.

तेवढ्यात ओटीवरून मंजुळाचा आवाज आला. तो बोलण्याचा आवाज नव्हता.

तिला घरी नेण्याएवढा वेळच राहिला नाही. आमच्याच घरात, माझ्या शेजारी, मधे एक लुगडं आडवं बांधून तिला निजवलं. सोनाईला बोलावलं, कारण लग्नं लावायची तीच आणि बाळंतपणं करायची तीच. मला दिसत काही नव्हतं, सगळं कानांनी. चुलीवर पाणी उकळत होतं. बारका रडत होता. बाबा अंगणात येरझाऱ्या घालत होते, त्यांच्या टाचा ओळखू येत होत्या. आणि मला माहीत होतं, त्या घरात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच आहे, की पडद्याच्या या बाजूची जाणार की त्या बाजूची. मी पडल्या पडल्या ठरवलं की आपण नाही जायचं. आणि तिनेही नाही जायचं. एवढं ठरवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

मंजुळा एकदा किंचाळून म्हणाली, "अनशे, हायस ना गो?"

मी म्हटलं, "हाय."

या खेपेला मी कान देऊन ऐकलं. ओ एकच गेली.

थोड्या वेळाने आईचा आवाज पडद्यापलीकडून आला. "धर मना. जोरानं धर. माजी बोटं मोडली तरी सोडू नुको." जिला तासाभरापूर्वी शिव्या घातल्या तिलाच ती हे म्हणत होती. तिनसांजेला, दिवा लावायच्या वेळेला, मूल रडलं. मुलगी होती. तरी सगळ्यांचे कान मंजुळाकडे होते, कारण पोर रडण्याचं तेवढं महत्त्व नव्हतं. मग मंजुळा म्हणाली, "पानी दे गो आये," आणि आई रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सोनाई माझी पट्टी सोडायला आली. मला ती धूसर दिसली, पण दिसली. आईने तिला विचारलं, "ही बी हाय, ती बी हाय. मंग गेलं कोन?"

"जिला जायचं व्हतं ती गेली," सोनाई म्हणाली. "तिसरी." आणि चुलीतली चिमूटभर राख माझ्या कपाळाला लावून निघून गेली.

माझा हिवताप पुढे दोन-तीन महिने रेंगाळला आणि कोयनेलच्या गोळ्यांनी गेला. उजव्या डोळ्यावर एक पांढरट टिपका राहिला, तो आजही आहे. आणि रुईच्या बुडाला आई पाणी घालायची थांबली, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडी तोडलेल्या खुंटातून नवे कोंब फुटले, जाड, पांढऱ्या लवेचे. आईने ते बघितले आणि माघारी आली. ते कोणी तोडले नाहीत, कोणी त्यांना भातही वाढला नाही.

तात्या नारळ घेऊन आले, बाबांना म्हणाले, माग काय मागायचं ते. बाबा नको नको म्हणत होते. मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, "मना शालंत घाला."

शाळा तात्यांच्या पडवीत भरायची. सगळे मुलगेच. मी मोरस खुडायला तिकडून जायची तेव्हा सकाळची हजेरी ऐकायची. मास्तर एकेक नाव घ्यायचे, आणि ज्याचं नाव तोच उठून हजर म्हणायचा. दुसरा कोणी म्हणत नसे. मला दुसरं काही शिकायचं आहे असं त्या वेळी वाटलंच नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

मास्तरांनी कुरकुर केली, पण पडवी तात्यांची होती. आणि माझ्या लग्नाची बोलणी जिथे लहानपणीच होऊन राहिली होती त्या माणसांनी, दिलेली पोर आम्हाला नको, असा निरोप पाठवला. आई महिनाभर कोणाशी नीट बोलली नाही. बाबा मात्र मोकळे झाल्यासारखे दिसले. शेजारी कोणी छेडलं की म्हणायचे, "कन्यादान एकदाच आसतं. माजं झालंय. आता पोर माज्याकंच ऱ्हानार, नि शिकनार." पहिल्या दिवशी मास्तरांनी माझं नाव वाचलं तेव्हा मी क्षणभर गप्प राहिले, दुसरीकडून कोणी बोलतंय का ते ऐकायला. पडवीपलीकडे नुसतं ऊन होतं. मग मी म्हटलं, "हजर." पोरं हसली. मास्तरांनी माझ्या नावापुढे खूण केली.

तिथून पुढचं सांगण्यात मला फुशारकी वाटते, म्हणून थोडक्यात सांगते. अलिबागला मुलींच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले. एका डोळ्याने वाचलं असं लोक म्हणतात. ते खरं नाही, पावणेदोन डोळ्यांनी वाचलं. मग रेवसच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसून मुंबईला कॉलेजात. आमचे बाबा अंगठा उठवायचे, आजोबांना तोही कधी उठवावा लागला नव्हता. कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीत, दगडांच्या सांदीत, एक रुई उगवलेली होती. तिला कोणी लावलं नव्हतं. परीक्षेला जाताना मी तिच्याकडे बघायची, आणि बाकीच्या मुली मला विचारायच्या की हिला काय नमस्कार करतेस. मी नमस्कार करत नव्हते. ती जागेवर आहे ना, एवढं बघत होते.

पदवीदानाच्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर नेसून, कागदात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुके बोंबील घेऊन आले. बोंबलांचा वास सगळ्या सभागृहात सुटला होता. भर दुपारची वेळ होती. वर पंखे फिरत होते, तरी हवा पडल्यासारखी वाटत होती. व्यासपीठावरून एका गृहस्थांनी माझं नाव वाचलं. पुरतं नाव: माझं, बाबांचं, घराण्याचं. उंच, सरळ आवाजात. मागच्या रांगेत बाबांनी मान खाली घातली होती.

मी जागेवरून उठायच्या आधी सवयीने एकदा मागे वळून पाहिलं. दुसरं कोणीही उठलं नव्हतं.

मी चालत वर गेले आणि कागद हातात घेतला. आमच्या घराण्यातली आणि त्या सगळ्या खाडीकाठातली पहिली बी.ए. मी आहे.